मावशींचा रोज किती, हे आईला सांगायचं कोणी?

आमच्या आईला जवळजवळ वर्षभर वाटत होतं की तिला सांभाळायला ठेवलेल्या सुनीतामावशी दिवसाला तीनशे रुपये घेतात. चोवीस तासांचे तीनशे. आणि तेही तिला जास्तच वाटायचे, "तीनशे? शिवाय जेवणखाण आपलंच ना गं?" मी म्हणायचे हो, आणि विषय बदलायचे. खरा आकडा हजार होता. धाकट्या भावाने टोरांटोहून व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं, ताई, काहीही कर पण आईला रेट सांगू नको, ती उपाशी बसेल.

सुरुवात ऑगस्ट २०२४ ला झाली. पुण्यात, कोथरूडच्या मयूर कॉलनीतल्या घरी आई पहाटे बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ८१ वर्षांची होती, मेडिक्लेम कधी काढलेलाच नाही, त्यामुळे बिल मी आणि दोघा भावांनी वाटून भरलं. सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांचं सरकारी आयुष्मान विमा कव्हर सुरू झालं २९ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे आमचं सगळं उरकल्यावर दोन महिन्यांनी! आता कार्ड काढून ठेवलंय. पण ते हॉस्पिटलात अॅडमिट झाल्यावर कामाला येणार, घरी सांभाळायला माणूस ठेवाल त्याचा त्यातून एक रुपया मिळत नाही. मेडिक्लेमवाल्यांचंही बहुतेक तेच, घरी उपचार घेतले तर काही पॉलिसीत मिळतं, पण ते उपचाराचं. आईला उठवणं, न्हाऊमाखू घालणं, रात्री दोनदा भांडं देणं, याला कोणी उपचार म्हणत नाही. आणि सगळा खर्च तर तिथेच आहे.

ज्यांच्यावर ही वेळ अजून आली नाहीये त्यांच्यासाठी सांगते. अशी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केलात की पहिला प्रश्न येतो, सिस्टर हवी की मावशी, आणि बारा तास की चोवीस. इंजेक्शन, नळी, ड्रेसिंग असलं काही असेल तर शिकलेली सिस्टर लागते, तिचा रेट बराच वर. आमचं तसं काही नव्हतं, मावशी पुरल्या. चोवीस तासाच्या मावशी घरातच राहतात. बारा तासांच्या स्वस्त वाटतात पण मग रात्र कोणाकडे? पहिला दीड महिना रात्र माझ्याकडे होती. वडगावहून रोज संध्याकाळी मयूर कॉलनी, सकाळी परत, डबा, ऑफिस. सिंहगड रोडचं ट्रॅफिक ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मग मीच म्हटलं बास, चोवीस तासाची बघा.

महिन्याचा हिशोब असा पडायला लागला. मावशी तीस हजार. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, ५०० एका वेळचे, म्हणजे सहा हजार. डायपर साडेतीन हजारांचे. औषधं तीन, स्वयंपाकाच्या बाई साडेतीन, लाइटबिल गॅस मेंटेनन्स धरून अजून चार. झाले पन्नास. यात मावशी सुट्टीवर गेल्यावर बदली येते तिचे जादा पैसे धरले नाहीत, आणि दिवाळीचंही नाही. फाउलर कॉट (डोक्याकडून वरखाली होणारा हॉस्पिटलचा पलंग) आणि कमोड खुर्ची मात्र एका संस्थेकडून डिपॉझिट भरून जवळपास फुकटात मिळाली, पुण्यात अशी केंद्रं बरीच आहेत, विकत घेण्याआधी चौकशी करा. आम्ही वॉकर आधी विकत आणला आणि मग कळलं, नेहमीप्रमाणे.

पन्नास भागिले तीन, सतरा हजार. ऐकायला सोपं वाटतं. मधल्याचं पिंपळे सौदागरच्या फ्लॅटचं कर्ज चालू, मुलाची इंजिनिअरिंगची फी. धाकटा तिकडून न मागता जास्त पाठवायचा आणि मग ग्रुपवर एक्सेल शीट टाकायचा, त्यात माझ्या नावापुढे कमी आकडा दिसायचा. बरोबरच होता आकडा. पण माझ्या रात्री त्या शीटच्या कुठल्या कॉलममध्ये टाकायच्या? मी एकदा तसं लिहिलं, तर तीन दिवस ग्रुपवर फक्त सुप्रभात. दोन्ही भाऊ चांगले आहेत हो माझे. पैसा भावंडांत आला की चांगली माणसंसुद्धा वाण्यासारखी बोलायला लागतात, मी पण बोलले.

आणि हे सगळं चालू असताना कपाटात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, आईच्या एफडीच्या पावत्या होत्या.

हे मला खरं लिहायचंय. आईकडे पैसे होते. बाबांच्या फंडाचे, गावच्या जमिनीच्या वाट्याचे, तिच्या शिवणक्लासचे. १५ लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, २०२३ ला ठेवलेले, ८.२ टक्क्यांनी, म्हणजे दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये खात्यात येतात. बाकी २२ लाखांच्या एफडी. आणि बाबांच्या मागे मिळणारं ईपीएसचं, म्हणजे पीएफवाल्यांचं पेन्शन १,४०० रुपये, ज्याचा तिला सगळ्यात जास्त अभिमान. पण खात्यात आलेल्या व्याजाचं ती काय करायची, तर वर्षाकाठी अजून एक एफडी. प्रत्येक पावतीला टाचणीने नातवंडांच्या नावाची चिठ्ठी लावलेली: सानिका लग्न. ओम. आर्या शिक्षण. ओम तिकडे टोरांटोत नोकरीला लागून दोन वर्षं झाली, चिठ्ठी तशीच.

आम्ही तिघांनीही त्या पिशवीला हात लावायचा विषय काढला नाही. आईचे पैसे आईवरच खर्च करायचे तर लोक काय म्हणतील, मुलं असून! मधला तर म्हणाला, कर्ज काढीन पण आईची एफडी मोडणार नाही. बोलायला छान आहे हे. पण मग आई वाचवतेय कोणासाठी आणि आपण दमतोय कशासाठी, असा साधा हिशोब करायला आम्हाला वर्ष लागलं.

धाकट्याने मध्येच रिव्हर्स मॉर्टगेजची टूम काढली. म्हणजे साठीपुढच्या माणसाने स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँक दरमहा पैसे देते, तो आहे तोवर फेडायचं नाही, घर सोडायचं नाही, मागाहून वारसांनी कर्ज फेडून घर ठेवायचं नाहीतर बँक विकून वसूल करते. २००७ च्या बजेटमध्ये ही योजना आली, मिळालेल्या पैशावर इन्कम टॅक्सही नाही. कागदावर कोथरूडकरांसाठीच केलीय असं वाटतं, कारण इथे घर सव्वा कोटीचं आणि महिनाअखेरीला हातात काही नाही अशी म्हातारी माणसं दर बिल्डिंगमध्ये सापडतील. पण आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं गुऱ्हाळ चालू आहे, त्यात गहाणखताची अजून भर कोण घालणार. आणि आईसमोर नुसता शब्द काढला तर म्हणाली, "ज्या घराचे हप्ते ह्यांनी पोटाला चिमटा काढून फेडले त्याच्यावर परत कर्ज?" विषय संपला.

टॅक्सचं एक सांगून टाकते. २०२४-२५ चं रिटर्न भरताना आमच्या सीएने मधल्याला ८०डी कलमाच्या वजावटीत आईच्या औषधपाण्याचे ५०,००० पर्यंत धरून दिले, कारण आईचा मेडिक्लेम नाही आणि तो जुन्या टॅक्स पद्धतीत आहे. नवीन पद्धतीत हे मिळत नाही. पैसे रोख दिलेले चालत नाहीत, डॉक्टर आणि औषधांची बिलं जपून ठेवा. मावशींचा पगार त्यात घुसवू नका म्हणाला.

तर ते बिंग फुटलं कसं. मावशींची हजेरी आम्ही कालनिर्णयवर मांडतो, दुधाच्या खाड्यासारखी. गौरीला मावशी चार दिवस गावी जाऊन आल्या आणि खाडे मांडताना आईने सहज विचारलं, काय हो, तुमचे चार दिवसांचे बाराशे बुडाले ना? मावशी म्हणाल्या, बाराशे कुठले आजी, तीन हजार गेले की. साडेसातशे पडतात मला रोजचे, वरचे अडीचशे ब्यूरोवाला घेतो.

झालं. मला त्या दिवशी दोन धक्के बसले. एक आईला कळल्याचा, आणि दुसरा, हजारातले अडीचशे दर रोज ब्यूरो कापतंय हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मावशी आजवर कधी बोलल्या नाहीत. रात्री दोनदा उठणारी बाई ती. (पुढच्या महिन्यापासून आम्ही दिवसाचे शंभर वेगळे त्यांच्या हातात द्यायला लागलो. ब्यूरोला सांगितलेलं नाही.)

आईने जेवण सोडलं नाही, पण त्याहून वाईट केलं. रात्री मावशींना हाक न मारता एकटी वॉकर घेऊन बाथरूमला निघाली, मला लागत नाही माणूस हे दाखवायला. दारापाशी तोल गेला, भिंतीला धरून उभी राहिली म्हणून वाचली. मावशींचा रात्री पावणेतीनला फोन, ताई, आजी रडतायत.

सकाळी मी सुट्टी टाकली आणि पिशवी तिच्या पलंगावर ओतली. म्हटलं आई, तू क्लासचा हिशोब चोख ठेवायचीस ना, आता हा कर. खर्च पन्नास. व्याज आणि पेन्शन मिळून चोवीस-साडेचोवीस. दर महिन्याला सव्वीस कमी पडतात, ते मुद्दलातून. समजा व्याज एक पैसाही आलं नाही तरी ३७ लाख सहा वर्षं पुरतात, व्याज धरलं तर आजच्या रेटने तुझी नव्वदी गाठतात. तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "आणि एक्क्याण्णवाव्या वर्षी?" म्हटलं तेव्हा आम्ही आहोत ना, तोवर आम्हाला थोडा श्वास घेऊ दे.

बराच वेळ पावत्या खालीवर करत बसली. मग एक बाजूला काढली. "पहिली ओमची मोड. तो तिकडे डॉलर कमावतो."

सानिकाची आणि आर्याची सगळ्यात शेवटी, हे तिने दोनदा बजावलं. एफडी दोन-दोन लाखांच्या होत्या हे फार बरं झालं, लागेल तशी एकेक मोडता येते, एकच मोठी असती तर सगळ्या रकमेचं व्याज कापलं गेलं असतं.

पण मोडायची तर सही हवी, आणि आईची सही आता थरथरते. बँकेत म्हणाले सही जुळत नाही, आजींना घेऊन या. आजी जिना उतरू शकत नाहीत म्हणूनच आलेय ना बाबा! सत्तरीपुढच्या खातेदारांना घरी येऊन सेवा द्यायची असं रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या सर्क्युलरमध्ये सांगितलेलं आणि सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा माणूस हवा, हे सगळं मी प्रिंट काढून नेलं तेव्हा कुठे मॅनेजरांनी एका ऑफिसरला पाठवायचं कबूल केलं.

ते आले गुरुवारी. शेजारचे काका साक्षीला. मावशींनी स्टॅम्पपॅड पुढे केलं तर आईने हात मागे घेतला. "मी मॅट्रिक आहे. अंगठा उठवणार नाही." ऑफिसर बिचारे बसून राहिले. आईने कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून मागच्या बाजूला पाच वेळा सही गिरवली, मग फॉर्मवर केली, जपून, जीभ दातात धरून. ऑफिसरनी मोबाइलमधल्या जुन्या सहीशी लावून बघितली, काकांकडे बघितलं, आणि म्हणाले चालेल.

फॉर्म पिशवीत ठेवून ते उठले तर आई म्हणाली, थांबा, चहा घेऊन जा. आणि मावशींना म्हणाली, दूध जरा जास्त घाला हो, काटकसर नको.