तुम्ही विचारलंत म्हणून: तिसऱ्याच वर्षी का?

गोव्यातल्या साखळीच्या बाजारात, नात्यातल्या लग्नात, काजूच्या भट्टीवर, सगळीकडे एकच प्रश्न. निलगिरी आठव्या वर्षी तोडायची, मग चांगलं झाड कुठलं ते तुम्ही तिसऱ्याच वर्षी कसं ठरवत होता? थांबला का नाही?

निलगिरीचे चांगले वाण तयार करणं ही माझी नोकरी. थांबलो असतो तर त्या अख्ख्या नोकरीत झाडांच्या तीन पिढ्याही पाहून झाल्या नसत्या. निवडीनंतर फुलोरा, संकर, बी, रोपं, पुन्हा लागवड. शिवाय हे तुम्हीही करताच. नारळाची रोपं घेताना लवकर रुजलेलं, बुंध्याला जाड, पानं आधी फाटलेलं रोप उचलता. तो माड पुढे किती धरेल हे कुणी पाहिलेलं असतं?

माझ्याकडे निदान आकडा होता. लॅम्बेथ या वनशास्त्रज्ञांनी १९८० साली पाइन कुळातल्या झाडांच्या उंचीवरून एक सूत्र मांडलं. त्यात ३ आणि ८ ही वयं घातली की सहसंबंध, म्हणजे दोन वयांच्या उंचीतला मेळ (पूर्ण मेळ असेल तर १), ०.७२ येतो, २ आणि ८ घातली तर ०.५९. तो ०.७२ मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला. त्याचा वर्ग निम्म्याच्या जेमतेम वर जातो, म्हणजे आठव्या वर्षीच्या फरकांपैकी जवळजवळ निम्मा फरक तिसऱ्या वर्षी दिसतच नाही. हे मला माहीत होतं. फळ्यावर मी ते लिहिलं नाही.

कर्नाटकातल्या कोरड्या पट्ट्यात आमचा चाचणीचा प्लॉट होता. पहिली तिन्ही वर्षं पाऊस चांगला झाला. मी सर्वांत उंच झाड निवडलं, त्याचे क्लोन, म्हणजे त्याच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली हुबेहूब रोपं, वाढवले आणि मागे पडलेल्या फॅमिली, म्हणजे एकेका आईझाडाच्या बियांपासून आलेली भावंडं, कापायला सांगितल्या. शेजारचे एक शेतकरी बांधावर उभे होते. म्हणाले, "साहेब, ती एकवीस नंबरची बुटकी राहू द्या की. पानं बघा, दुपारीसुद्धा ताठ आहेत." मी त्यांना ०.७२ समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या पावसाळ्यात माझ्या क्लोनची तीन एकरांत लागवड केली.

मग दोन वर्षं पाऊस नीट झालाच नाही. त्यांची झाडं शेंड्यापासून वाळत आली. त्यांनी मला बोलावून घेतलं, ओळींतून फिरवलं, एका शब्दानं दोष दिला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "ती एकवीस नंबरची असती तर?" मी प्लॉटवर पळालो. निलगिरीच्या खुंटाला फुटवे येतात, त्यावरून क्लोन करता आला असता. पण नव्या चाचणीसाठी खुंट उकरून टाकले होते. उकरायच्या परवानगीवर सही माझीच होती.

कदाचित एकवीस नंबरही वाळली असती. टिकली असती असं मी म्हणत नाही. पण ते कळायची सोय मी स्वतःच्या हातानं बंद केली. त्या वेळच्या मला विचारलं तर तो म्हणेल, जागा कुठे होती, पैसा कुठे होता? खरंच नव्हता. पण मी मागितलाही नव्हता.

आज निवडायचं झालं तरी मी तिसऱ्याच वर्षी निवडीन. फक्त टाकलेल्या प्रत्येक फॅमिलीची दोन-दोन झाडं उभी ठेवीन. जुना सहकारी म्हणतो, दोन झाडांवरून काहीच सिद्ध होत नाही, एक वाऱ्यानं मोडलं की हिशेब संपला. त्याचं बरोबर आहे. तरी ठेवीन.