तुम्ही विचारलंत म्हणून: २५ एप्रिलच्या सामन्याविषयी

"क्रिकेटवर वाढलेली तू, त्या लांबट चेंडूच्या धक्काबुक्कीत तुला एवढं काय दिसतं गं?" ऑस्ट्रेलियन फुटबॉलविषयी हा प्रश्न साताऱ्याहून मावशी दर फोनवर विचारते. मेलबर्नला नव्याने आलेली मराठी मंडळी तोच प्रश्न जरा आदबीने विचारतात, आणि एप्रिल उजाडला की त्याला आणखी एक शेपूट जोडले जाते: यंदा २५ तारखेला कोण जिंकणार? आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटत आले होते. यंदा पाडव्याच्या पंगतीत चारपाच जणांनी एकदमच विचारले, आणि पाने वाढली जात असल्यामुळे माझे बोलणे अर्धवट राहिले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सामना येत्या शुक्रवारी, २५ एप्रिल २०२५ रोजी दुपारी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर आहे. एका बाजूला कॉलिंगवूड, काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा संघ. दुसऱ्या बाजूला एसेंडन, काळ्या सदऱ्यावर तिरका लाल पट्टा मिरवणारा. मी कॉलिंगवूडची आहे. गेल्या वर्षी याच दिवशी, याच मैदानावर, शेवटचा भोंगा वाजला तेव्हा फलकावर ८५-८५ असे आकडे होते. साखळीत बरोबरीचा सामना पुढे लांबवत नाहीत. विजयाचे चार गुण दोघांत दोन-दोन वाटले जातात आणि सगळे घरी जातात. त्या दिवशी आम्ही नव्वद हजारांहून अधिक माणसे कसे हसावे आणि कसे रडावे हे न कळून काही क्षण जागच्या जागी उभी होतो. तो हिशेब अजून माझ्या मनात पुरा झालेला नाही.

हे मैदान तुम्हाला ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावांची जी शांत, घट्ट खेळी केली, ती इथलीच. पण या मैदानाचा हिवाळा आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि क्रिकेट यांचे नाते तर रक्ताचे आहे: १८५८ मध्ये टॉम विल्स या क्रिकेटपटूने, हिवाळ्यात खेळाडूंची अंगे आळसावू नयेत म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा, असे पत्र वर्तमानपत्राला लिहिले, आणि पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबने या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. मैदान लंबगोल आहे ते यामुळेच. क्रिकेटचीच हिरवळ, फक्त खेळपट्टीच्या जागी गवत आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारून पार केला की गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, म्हणजे एक गुण. प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू एकाच वेळी मैदानावर असतात आणि ऑफसाइड हा प्रकारच नाही, त्यामुळे चेंडूच्या चहूबाजूंनी माणसे असतात.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. मला काय दिसते? मला दिसते ती घाईतली नेमकी कृती. या खेळात चेंडू हाताने फेकता येत नाही. तो एका तळहातावर धरायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून त्याला ठोसा द्यायचा, तरच तो जोडीदाराकडे नियमाने पोहोचतो. हातात चेंडू घेऊन पळता येते, पण साधारण पंधरा मीटरांमागे एकदा तो जमिनीवर आपटून परत पकडावा लागतो, आणि तो लांबट असल्यामुळे थोडा चुकीच्या कोनात पडला तरी भलतीकडेच उडतो. हे सगळे करताना प्रतिस्पर्धी कमरेला मिठी मारून खाली पाडायला टपलेला असतो. पाडले गेल्यावर चेंडू वेळेत सोडला नाही, की भोवतालची हजारो माणसे एका सुरात "बॉऽऽल!" असे ओरडतात. पंच शिट्टी वाजवेपर्यंतचा तो अर्धा सेकंद मला कुठल्याही षटकारापेक्षा जास्त धडधड देतो.

आणि मार्क. निदान पंधरा मीटर लांबून लाथेने आलेला चेंडू हवेत स्वच्छ झेलला, तर त्याला मार्क म्हणतात. झेलणाऱ्याला मग कोणी हात लावायचा नाही, त्याने शांतपणे मागे जायचे आणि लाथ मारायची. झेल घेण्यासाठी खेळाडू दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून अक्षरशः वर चढतात, आणि ते नियमात बसते. कॉलिंगवूडचा कर्णधार डार्सी मूर बचावात खेळतो. एकदा मी खालच्या कठड्याजवळ बसले होते, तेव्हा तो माझ्यासमोर तीन माणसांच्या घोळक्यावरून वर आला. चेंडू बोटांत बसल्याचा तो चामड्याचा 'चप्प' असा आवाज मी ऐकला. दूरदर्शनवर तो आवाज येत नाही. त्या दिवसापासून सामना घरी बसून पाहणे मला पुरेसे वाटेनासे झाले.

पण २५ एप्रिलचा सामना नुसता खेळासाठी नसतो. १९१५ साली याच तारखेला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढे आठ महिने तिथे मरत राहिले. त्यांच्या स्मरणाचा हा दिवस, अँझॅक डे. शहरात पहाटेच्या अंधारात हजारो लोक युद्धस्मारकापाशी उभे असतात. गॅलिपोलीला भारतीय सैनिकही होते: डोंगरी तोफखाना होता, शीख आणि गुरखा पलटणी होत्या, आणि खेचरांवरून पाणी व दारूगोळा वर चढवणारी माणसे होती, हे मला इथे येऊन बऱ्याच वर्षांनी कळले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावातले ४६ जण कामी आले, आणि त्यांची आठवण गावात आजही जपली जाते. अशा मुलखातून आलेल्या बाईला, सामन्यापूर्वी बिगुल वाजतो तेव्हा उठून उभे राहण्याचे कारण कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या क्षणाचे वर्णन करते, कारण तुम्ही येणार असाल तर मुख्यतः त्याच्यासाठी या. दोन्ही संघ मैदानावर समोरासमोर रांगेत उभे असतात. न्यूझीलंडचे आणि ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रगीत होते. बिगूलवाला 'लास्ट पोस्ट' ही सैनिकांना निरोप देणारी धून वाजवतो. मग एक मिनिट शांतता. नव्वद हजार माणसांची शांतता ही रिकाम्या घराच्या शांततेसारखी नसते. तिच्यात ध्वजाच्या दोरीचा खांबावर होणारा टकटक आवाज ऐकू येतो, कुठेतरी एखादे तान्हे मूल रडते आणि त्याची आई त्याला छातीशी धरते. त्यानंतर थोड्याच वेळात पंच मध्यवर्तुळात चेंडू उंच उडवतो, दोन्ही संघांचे सर्वांत उंच खेळाडू त्याच्यासाठी उडी घेतात, आणि तोवर कोंडलेला सगळा आवाज एकदम फुटतो. मी कितीही वेळा पाहिले तरी माझ्या अंगावर काटा येतो.

हा सामना दरवर्षी याच दिवशी लावावा, ही कल्पना एसेंडनचे त्या वेळचे प्रशिक्षक केव्हिन शीडी यांची. १९९५ साली पहिला सामना झाला तेव्हा ९४,८२५ लोक आत होते आणि हजारो जण दाराबाहेरून परत गेले. कॉलिंगवूडच्या सॅव्हेरिओ रोकाने एकट्याने नऊ गोल केले. शेवटच्या क्षणांत गुण सारखे असताना नेथन बकलीने स्वतः मारण्याऐवजी चेंडू रोकाकडे टाकला, रोका प्रतिस्पर्ध्यांनी घेरलेला होता, आणि भोंगा वाजला. १११-१११. बकलीने स्वतःच मारायला हवे होते, असे आमच्या गोटातली वडीलधारी माणसे आजही कळवळून सांगतात. त्यानंतर या दिवशी बरोबरी झाली ती थेट गेल्या वर्षी. म्हणजे पहिल्या सामन्याला यंदा तीस वर्षे होताहेत, आणि दोन्ही संघांनी मिळवलेली अजिंक्यपदेही सारखीच आहेत: सोळा आणि सोळा.

आता कोण जिंकणार. शेजाऱ्यांनो, मी कॉलिंगवूडचा कौल देते, आणि त्यामागे नुसती माया नाही. आमचा सगळ्यात मोठा आधार मध्यमैदानात आहे. निक डेकोस गेल्या वर्षी ब्राउनलो पदकाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाच्या, मोजणीत ३८ मते मिळवून दुसरा आला, कारण पॅट्रिक क्रिप्सने विक्रमी ४५ मते घेतली. एरवी ३८ मते कित्येक वर्षी पहिल्या क्रमांकाला पुरली असती. चेंडू घोळक्यातून बाहेर पडण्याआधीच तो कुठून बाहेर पडेल हे निकला कळलेले असते. एसेंडनवाले त्याच्यामागे एक माणूस सावलीसारखा लावतील, हे मी धरूनच चालते. तसे झाले तर स्कॉट पेंडलबरीकडे पाहा. वय ३७, चारशेहून अधिक सामने, लहानपणी बास्केटबॉल खेळलेला. चौघे अंगावर येत असताना तो चेंडू छातीपासून थोडा दूर धरून एक क्षण थांबतो, आणि त्याच्यापुरता काळ मंदावल्यासारखा वाटतो. या दिवसाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे अँझॅक पदक त्याने तीनदा मिळवले आहे. त्याला मैदानावर पाहण्याचे किती शुक्रवार उरलेत कोण जाणे, त्यामुळे यंदा मी त्याच्यावरून नजर हटवणार नाही.

माझी धास्ती एकच आहे आणि ती वयाची. आमचा संघ अनुभवी आहे, त्यात यंदा डॅन ह्यूस्टनसारखा लांब आणि अचूक लाथ मारणारा गडी पोर्ट ॲडलेडहून आला, पण तरुण पायांची उणीव शेवटच्या क्वार्टरमध्ये जाणवू शकते. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर घड्याळ थांबत थांबत प्रत्यक्षात अर्ध्या-अर्ध्या तासाचे होतात. एसेंडनचा यंदाचा कर्णधार झॅक मेरेट शंभराव्या मिनिटालाही पहिल्यासारखाच धावतो. त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पुढच्या फळीत नेट कॅडी हा कोवळा पण धीट मुलगा आहे, त्याला उंच चेंडू मिळू लागले तर मूरला दिवसभर उसंत मिळणार नाही. त्यांच्या पाठीराख्यांची भूकही मोठी आहे: २००० नंतर अजिंक्यपद नाही, आणि २००४ नंतर बाद फेरीत एकही विजय नाही. या दिवशी ते शेवटचे जिंकले २०२१ मध्ये.

तरीही शेवटच्या क्वार्टरवरच माझा भरवसा आहे, कारण २०२३ चा सामना मी विसरलेले नाही. तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही २८ गुणांनी मागे होतो. एप्रिलअखेरीस इथे लवकर अंधारते. दिवे लागले होते, माझ्या हातातला 'पाय' (सारण भरून भाजलेला इथला पदार्थ) थंडगार होऊन त्यावरचा टोमॅटो सॉस घट्ट झाला होता, आणि मागच्या रांगेतले एक कुटुंब पिशव्या आवरू लागले होते. मग गोलामागून गोल सुरू झाले. गोलपंच दोन झेंडे हलवतो, चेंडू मध्यावर येतो, पुन्हा दोन झेंडे. आम्ही १३ गुणांनी जिंकलो, आणि ते कुटुंब जिन्याच्या तोंडाशी उभे राहून शेवटपर्यंत पाहत होते. त्याच वर्षी पुढे अजिंक्यपदही चार गुणांनी आमच्याकडे आले. क्रेग मॅक्रे प्रशिक्षक झाल्यापासून या संघाने मागे पडल्यावर घाबरणे सोडून दिले आहे. म्हणून माझा अंदाज: कॉलिंगवूड, पंधरा गुणांनी, आणि तिसऱ्या क्वार्टरअखेर आम्ही मागे असू.

मी दरवर्षी जाते ती आमच्या गल्लीतल्या एका आजोबांबरोबर. ते एसेंडनचे आहेत आणि १९९५ च्या त्या गर्दीत होते. जॉलिमाँट स्थानकावर उतरून आम्ही यारा पार्कमधून चालत जातो; तिथल्या काही जुन्या झाडांच्या खोडांवर, इथल्या मूळ रहिवाशांनी होडी करण्यासाठी साल काढली त्याचे व्रण अजून आहेत, आणि आजोबा दरवर्षी त्यातल्या एका झाडाला हात लावून पुढे जातात. मध्यंतराला मी डब्यातला चिवडा काढते, ते थर्मासमधला चहा. गेल्या वर्षी भोंगा वाजल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तीस वर्षं होत आली, अजून मिटलं नाही आपलं." परवा कुंपणावरून त्यांनी मला विचारले की यंदाही बारा वाजताचीच गाडी ना. मी हो म्हटले. स्कार्फ धुऊन दोरीवर घातला आहे, शुक्रवारपर्यंत वाळेल.