शिवाजी पार्कची उलटी फेरी

शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालतो, दुसरा काट्याच्या उलट. मैदानाभोवतीची एक फेरी साधारण १.२ किलोमीटरची. तुमचा-माझा वेग सारखा असेल आणि दोघी एकाच दिशेने निघालो, तर तुमची माझी गाठ जन्मात पडायची नाही. तुम्ही पुढे, मी मागे, मध्ये अख्खं मैदान. पण तुम्ही उलट्या दिशेने निघालात, की दर फेरीला दोनदा समोरासमोर. ओळखी व्हाव्यात असं वाटत असेल, तर गर्दी ज्या बाजूला चालली आहे तिच्या उलट चालावं. सल्ला एरवी धोक्याचा आहे, इथे लागू पडतो.

या उलट्या-सुलट्या चालण्यामुळे इथल्या गप्पांची एक वेगळीच रीत पडली आहे. समोरून काकू येतात. "काय म्हणतोय गुडघा?" मी विचारते. थांबायचं नसतं, थांबलं तर घड्याळातली पावलं थांबतात. त्यामुळे उत्तर सात मिनिटांनी, मैदानाच्या दुसऱ्या अंगाला मिळतं. "कुरकुरतोय." पुढच्या भेटीत मी म्हणते, "तेल लावता का?" त्याच्या पुढच्या भेटीत, "कुठलं?" एका तेलाचं नाव सांगून होईपर्यंत दोन फेऱ्या उरकतात. मध्ये विचार करायला वेळ मिळत असल्यामुळे इथे कुणी फारसं वेडंवाकडं बोलत नाही. भांडायचं म्हटलं तरी सात मिनिटं राग टिकवावा लागतो, आणि तेवढा दम चालताना उरत नाही.

मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला म्हणून १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदानात क्रिकेट, दसरा मेळावा, तांबड्या मातीची धूळ आणि त्या धुळीबद्दलच्या तक्रारी असं बरंच काही असतं. मला त्यात फारसा रस नाही. मला रस आहे तो कडेच्या बुटक्या भिंतीत, म्हणजे कट्ट्यात. तो कुंपण म्हणून उपयोगाचा नाही, कोणीही सहज ओलांडतं. पण बूड टेकायला त्याच्यासारखी उंची मुंबईत दुसरीकडे नाही.

आमच्या फेरीतल्या बऱ्याच जणी चाळीत वाढलेल्या. चाळीतल्या गॅलरीत डाळ निवडताना, केस विंचरताना, कपडे वाळत घालताना बोलणं आपोआप होत असे. कुणाकडे 'जावं' लागत नसे. आता टॉवरमध्ये घर आहे, घराला दार आहे, दाराला साखळी आणि कॅमेरा. शेजारच्या मजल्यावर जायचं तरी आधी व्हॉट्सॲपवर 'येऊ का' विचारायचं, मग तिने घर आवरायचं, पोहे करायचे, आणि आपण 'कशाला उगाच' म्हणत खायचे. इतका खटाटोप कोण रोज करणार? वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर, संडास घरात. त्याचा आनंद शंभर टक्के खरा आहे. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला चाळीचे गोडवे गाऊन दाखवू नयेत. पण हिशेबात एक गोष्ट येत नाही. गॅलरीचे चौरस फूट ना जुन्या घरात मोजले होते, ना नव्या घरात मिळाले.

ते आता इथे येऊन मोजून घ्यावे लागतात. शिवाय गॅलरीत एक तोटा होता. नको असलेल्या माणसापासून सुटका नव्हती. तुमच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, मटणाचा वास आला की सुकटीचा, सगळं चार खोल्यांपर्यंत पोचायचं. कट्ट्यावर ज्याला बोलायचं नसेल त्याने वेग वाढवावा. कुणी वाईट वाटून घेत नाही, फार तर "आज घाईत दिसताय" म्हणतात.

एकटेपणाची दखल आता सरकारं घेऊ लागली आहेत. ब्रिटनने २०१८ साली त्यासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो. आमच्याकडे याचा सगळ्यात गाजलेला इलाज अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत निघाला. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला एकेकाने विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं. दोनेक आठवड्यांत सांगण्यासारखे विनोद संपले, म्हणून मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. हास्यक्लबाच्या त्या 'हो हो, हा हा'मध्ये मी कधी सामील होणार नाही, मला ते ऐकूनच अंगावर काटा येतो. पण पंधरा दिवसांत विनोद संपले आणि माणसं तरीही दुसऱ्या दिवशी आली, हे मला फार आवडतं. त्यांना विनोद नकोच होते.

हल्ली इथे ठरवून काढलेले वॉकही येतात. रविवारी सकाळी तरुण मुलंमुली जमतात आणि कुणीतरी त्यांना पार्काभोवतीच्या आर्ट डेको इमारती दाखवतं. १९३० आणि ४०च्या दशकांतल्या या इमारतींच्या गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, जिन्याच्या उभ्या खिडक्या, नावांची अक्षरं. आम्ही ज्या भिंतीला पाठ टेकून चप्पल झटकतो तिच्याकडे ही मुलं मान वर करून बघतात. गंमत पुढे होते. कडेला उभे असलेले एखादे काका घोळक्यात शिरतात आणि सांगणाऱ्याला दुरुस्त करू लागतात. "हा मजला नंतर चढवलाय." "इथे तेव्हा डॉक्टर राहायचे, पहाटे तीनला उठवलं तरी यायचे." मुलं मग इमारत सोडून काकांचाच फोटो काढतात. काकांच्या घरी हीच गोष्ट सांगायची म्हटली तर सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात. इथे ओळखदेख नसलेली वीस माणसं मोबाइल खाली ठेवून ऐकतात.

मात्र खरा मुद्दा बायकांचा आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसले.

'मैत्रिणीकडे जाते' असं संध्याकाळी सहा वाजता म्हणून बघा. कुठली मैत्रीण, काय काम, कुकर लावून ठेवला आहेस का, नातवाला क्लासला कोण सोडणार, एवढे प्रश्न येतात. कुणी मनाई करत नाही, आमची घरं सुशिक्षित आहेत. फक्त प्रश्न विचारतात. पण 'वॉकला जाते' म्हटलं की सगळे गप्प. कारण त्यामागे डॉक्टर उभा असतो. 'शुगर आहे ना तिला' हे वाक्य सासूसुद्धा आपणहून शेजारणीला सांगते. आयुष्यभर घराबाहेर पडायला भाजी, बँक, हळदीकुंकू किंवा कुणाचं आजारपण असं कारण काढावं लागलेल्या बाईला साठीत एक रोग होतो आणि रोज तासाभराची मोकळीक मिळते. आमच्यातल्या एकीने तर रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला आहे. सगळ्यांना दिसावा म्हणून.

आणि चालताना जे बोललं जातं ते समोरासमोर बसून कधी बोललं गेलं नसतं. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. नजर समोरच्या फुटपाथवर, खड्ड्यांवर, सायकल शिकणाऱ्या पोरावर. अशा वेळी "आमच्या ह्यांचं ऐकू येणं कमी झालंय, पण ते मशीन लावत नाहीत"पासून "मुलगा तीन महिने बोललेला नाही"पर्यंत काहीही सहज बाहेर पडतं. ऐकणारी "अगंबाई" एवढंच म्हणते आणि पुढचं पाऊल टाकते. सल्ला नाही, डोळ्यांत पाणी नाही. तोच विषय पोह्यांच्या बशीसमोर निघाला असता तर दोघींना रडावं लागलं असतं.

आम्हाला एकमेकींची आडनावं ठाऊक असतीलच असं नाही. एक पांढऱ्या टोपीवाल्या, एक उद्यान गणेशाला वळसा घालून येणाऱ्या. पण टोपीवाल्या दिसेनाशा झाल्या तेव्हा चौकशी सुरू झालीच. पत्ता कुणालाच माहीत नव्हता. शेवटी शहाळेवाल्याने सांगितलं, त्या ठाण्याला लेकीकडे गेल्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिन्याभराने येतील. त्याला हे कसं कळलं, विचारल्यावर म्हणाला, "उधारी चुकती करून गेल्या ना."

परवा फ्रिजवर रिपोर्ट लावणारी नवा रिपोर्ट घेऊन आली. शुगर तसूभर उतरली नव्हती. उतरणार कशी, अर्धा वेळ आम्ही कट्ट्यावर बसलेल्या असतो आणि कुणाच्या ना कुणाच्या डब्यात चकली असते. डॉक्टर म्हणे बराच वेळ कागद बघत राहिले, आणि मग अर्ध्या तासाच्या चालण्याचा त्यांनी सव्वा तास केला. तसं लिहूनच दिलं, सहीशिक्क्यासकट. कागद हातोहात फिरला. पेढे वाटायचे तेवढे राहिले.