मी नसताना वॉर्ड कसा चालतो

इन्चार्ज सिस्टर म्हणून स्वतःत काय सुधारायचं, याच्या यंदाच्या माझ्या आराखड्यात ‘आत्मविश्वास वाढवणे’, ‘संवादकौशल्य सुधारणे’ असलं काहीही नाही. मूल्यमापनाच्या फॉर्मवर अशी वाक्यं शोभतात, पण सकाळी हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती द्यायला-घ्यायला, उभं राहिलं की त्यांतलं एकही उपयोगी पडत नाही. म्हणून वॉर्डची इन्चार्ज झाल्यावर मी आजवर ज्या सिस्टरांच्या हाताखाली काम केलं त्यांना आठवलं आणि कुणाकडून नेमकं काय उचलायचं ते लिहून काढलं.

आयसीयूच्या मॅडमचा शब्द अखेरचा असे. पेशंटचं हृदय बंद पडलं की त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून नाव घेऊन काम सांगायच्या: एकीने छाती दाबायची, दुसरीने ॲड्रेनॅलिन भरायचं, तिसरीने वेळ लिहायची. जिला सांगितलं तिने ते मोठ्याने परत म्हणायचं आणि झालं की ‘झालं’ असं सांगायचं. दर २ मिनिटांनी छाती दाबणारी बदलायची, तेही त्याच सांगणार. ‘कुणीतरी सक्शन आणा’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही, कारण कुणीतरी म्हटलं की कुणीच हलत नाही. त्या वेळी चर्चा नकोच असते. हुकूम हवा असतो, आणि तो स्पष्ट हवा असतो.

पण तोच सूर रजेच्या अर्जाला आणि ड्यूटी रोस्टरलाही लागायचा. त्यांची सुट्टी असली की वॉर्ड सैलावायचा. नोंदी मागाहून भरल्या जायच्या, क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची नि साधनांची गाडी, तपासायची राहायची. पुढे कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा नेतृत्वाच्या पद्धतींवरचा १९३९ सालचा अभ्यास वाचला तेव्हा मला तो वॉर्डच दिसला. दहा वर्षांच्या मुलांचे गट होते. हुकूमशाही पद्धतीचा प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, तर सगळ्यांना विचारून चालणारा बाहेर गेला तरी मुलं बऱ्यापैकी काम करत राहायची. तेव्हापासून माझं मोजमाप एकच आहे: रात्रपाळीत, मी नसताना, काय होतं?

मेडिकल वॉर्डच्या सिस्टर प्रश्न विचारून शिकवायच्या. पेशंटची लघवी कमी झाली असं सांगितलं की लगेच उपाय न सांगता ‘तुला काय वाटतं?’ म्हणायच्या. मग आपोआप रक्तदाब, सलाइन, कॅथेटर सगळं डोळ्यांपुढून जायचं. मला परिचारिका त्यांनी केलं, असं मी मनापासून मानते.

आणखी एक इन्चार्ज होत्या, ‘तुम्ही बघून घ्या’ म्हणणाऱ्या. मला त्यांच्याकडे मोकळं वाटलं, कारण तोवर माझा हात बसला होता. नव्या मुलींना मात्र तिथे फार एकटं पडल्यासारखं व्हायचं. नेतृत्वाचे अभ्यासक पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेला विचार मला इथे पटतो. किती सांगायचं आणि किती सोडायचं हे समोरच्याच्या तयारीवर ठरावं, आणि ती तयारी त्या-त्या कामापुरती असते. ड्रेसिंग सुरेख करणारी मुलगी व्हेंटिलेटरपाशी पूर्ण नवखी असू शकते. तिला एकाच दिवशी एका कामात मोकळीक आणि दुसऱ्यात बोट धरून शिकवणं, दोन्ही द्यावं लागतं. हे मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं वाटतं.

म्हणून आराखड्यातली वाक्यं आता ‘जर-तर’ची आहेत. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलंय की नुसत्या इराद्यापेक्षा प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली तर ती हातून घडण्याची शक्यता वाढते. ‘पेशंट अचानक बिघडला, तर नाव घेऊन काम सांगेन.’ ‘ज्युनिअर प्रश्न घेऊन आली आणि पेशंट स्थिर असेल, तर आधी तिचं मत विचारेन.’ ‘औषधाची चूक कुणी स्वतःहून सांगितली, तर पहिल्यांदा पेशंट बघेन, मग तिला बसवून नेमकं काय घडलं ते ऐकेन, आणि ओरडणार नाही.’ या तिसऱ्या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. जिथे ओरडा बसतो तिथे पुढची चूक लपवली जाते, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

सध्या काम चाललंय ते रोस्टरवर, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकावर. पुढच्या महिन्याचं रोस्टर रात्रपाळीच्या मुलींनीच मांडायचं आहे. प्रत्येक पाळीत एक तरी अनुभवी सिस्टर हवी, एवढी एकच अट मी घातली आहे.