आईच्या आईचं गाव

आमच्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत दरवर्षी भांडण होतं ते एकाच नियमावरून: खेळाडू गावचा हवा. गावचा म्हणजे कोण? तर ज्याच्या बापाचं घर गावात आहे तो. डोंबिवलीत जन्मलेला, गणपतीला तेवढा तोंड दाखवणारा पोरगा चालतो, कारण सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे. पण माझ्या बहिणीचा मुलगा चालत नाही. मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्याने इथल्या मळ्यात बॉलिंग टाकत काढल्यात, पण तो पडला कणकवलीचा. "भाचो आमचो, पण गावचो नाय," कमिटीतल्या जुन्या मंडळींनी सांगितलं. विषय संपला.

मी बोटीवर फिटर होतो तेव्हा आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिजीचा होता. मेसमध्ये बसला की रग्बीशिवाय दुसरं बोलणं नाही. देशाच्या संघातून खेळायला काय लागतं, ते त्याने मला एकदा बोटांवर मोजून सांगितलं. तुमचा जन्म त्या देशात झालेला हवा. नसेल तर आईचा किंवा बापाचा. तेही नसेल तर चार आजी-आजोबांपैकी कुणाही एकाचा. म्हणजे आईची आई चालते! पंधरा जणांच्या रग्बीत पासपोर्टचा प्रश्नच येत नाही. (ऑलिंपिकला लागतो. आणि आपल्याकडे भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भागत नाही.)

आणखी एक वाट होती, ती मला तेव्हाही पटली नव्हती. कुठलंच नातं नसलं तरी सलग 36 महिने त्या देशात राहिलात की झालात तिथले. सी. जे. स्टँडर दक्षिण आफ्रिकेचा. 2012 मध्ये आयर्लंडमधल्या मन्स्टर या क्लबकडे आला आणि 2016 मध्ये आयर्लंडकडून उतरला. माणूस जीव तोडून खेळायचा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तीन वर्षांचा क्लबचा करार हातात पडला की सोबत देशही मिळणार, हा कसला हिशेब? 2017 मध्ये ही मुदत पाच वर्षांची करायचं ठरलं. जागतिक रग्बी संघटनेचा तेव्हाचा उपाध्यक्ष, अर्जेंटिनाचा ऑगस्टिन पिचोट त्यासाठी हात धुऊन मागे लागला होता. बरं केलं.

आजी पैशाने मिळत नाही, पण कागदावर सापडू शकते. 2000 साली मोठाच गोंधळ झाला. शेन हॉवर्थ न्यूझीलंडकडून कसोट्या (रग्बीत देशादेशांतल्या सामन्यांना कसोटीच म्हणतात) खेळून वेल्सकडे आलेला, का तर म्हणे आजोबा कार्डिफचे. पुरावा काही निघाला नाही. स्कॉटलंडच्या डेव्ह हिल्टनचे आजोबा एडिनबराचे नव्हते, ते निघाले ब्रिस्टलचे. तोवर तो स्कॉटलंडकडून कितीतरी सामने खेळून बसला होता. आम्ही निदान आधार कार्ड तरी बघतो.

दुसरी भानगड अशी की एकदा एका देशाकडून उतरलात की तिथेच बांधले गेलात. रोमानियाने एक टोंगन खेळाडू घेतला, तो आधी टोंगाच्या सेव्हन्स, म्हणजे सात जणांच्या रग्बी संघातून खेळलेला निघाला. 2018 मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले रोमानियाचे गुण कापले आणि विश्वचषक हातचा गेला. 2022 पासून मात्र एक दार उघडलंय. तीन वर्षं कुठल्याच देशाकडून खेळू नका, मग जन्माने किंवा आई-बाप, आजी-आजोबांकडून ज्या देशाशी नातं असेल तिकडे एकदाच जाता येतं. मालाकाई फेकिटोआ जन्माने टोंगाचा, न्यूझीलंडकडून 24 कसोट्या खेळला आणि 2023 चा विश्वचषक टोंगाकडून. पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांवरची पोरं पोटासाठी मोठ्या देशांत जातात आणि तिथलीच होऊन बसतात. त्यांना परतीची वाट हवीच होती.

हे सगळं मी यंदाच्या मिटिंगमध्ये मांडलं. म्हटलं, जगात आईकडची आजी चालते, मग आपल्याकडे माहेरवाशिणीचा सख्खा मुलगा का नको? बायकांच्या बाजूने दोन-तीन जणी जोरात बोलल्या. अध्यक्ष गप्प राहिले. मग खजिनदारांनी वहीतून मान वर केली. "अरे, पण गेल्या जानेवारीत तो बापाशीच्या गावाकडसून खेळललो मा?"

खेळला होता. आमच्याच विरुद्ध, आणि चार विकेट काढल्या होत्या. रग्बीचा नियम लावला तर त्याला आता तीन वर्षं बाहेर बसवावं लागेल. खजिनदारांना तेवढी एक अट मात्र लगेच पटली.