हिरडी गेली कुठे?

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. सांगणाऱ्याचे स्वतःचे दात कधीच हललेले नसतात. त्याच्या कुणा मामांचे हललेले असतात. पण ही समजूत अगदीच हवेतली नाही. वर्षानुवर्षांचं किटण निघालं, हिरडीची सूज उतरली, की हिरडी मागे सरते आणि दातांमध्ये फटी दिसू लागतात. सगळ्यात आधी त्या जिभेला सापडतात. पैसे मोजून फटी विकत घेतल्यासारखं वाटतं.

माझ्या दाताच्या डॉक्टरांकडे यावर आता स्कॅनर आहे. उपचारांआधी एकदा तो तोंडभर फिरवला, काही आठवड्यांनी पुन्हा. (पूर्वी दातांचं माप घ्यायला तोंडात भरायचे तो गार लगदा घशापर्यंत जायचा, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.) मग संगणकावर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवल्या. त्या जुळवायच्या कशावरून? दातांवरून. एवढ्या दिवसांत दाताचा आकार बदलत नाही. म्हणून दाताला दात जुळवला की जो फरक उरतो तो हिरडीचा. जिथे किटण होतं तो भाग मात्र जुळवणीत धरायचा नाही, नाहीतर दातच झिजला असं वाटेल. पडद्यावर माझी हिरडी जागोजागी निळी झाली होती. निळं म्हणजे खाली बसलेली.

"म्हणजे गेलीच की हो!" मी म्हणालो.

डॉक्टरांनी उत्तर न देता खुणांची बारीक सळई उचलली. तिच्यावर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा मिलिमीटरच्या खुणा असतात. वाचायला सोपं जावं म्हणून ४ आणि ६ गाळलेले. हिरडी आणि दात यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असली तर ठीक. ही सळई कुणी जोरात दाबतं, कुणी हळू, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो. स्कॅनरचा हात असा जड-हलका होत नाही, पण त्याला दिसतं ते वरवरचं. खाचेत तो उतरू शकत नाही. माझी एक खाच ५ वरून ३ वर आली होती, हे त्या सळईनेच सांगितलं.

त्या निळ्यात नुसती सूज किती आणि खरोखरची हिरडी किती, हे चित्रावरून कळत नाही. डॉक्टरांनी फटीत घालायचा छोटा ब्रश दिला. पूर्वी तो तिथे शिरलाच नसता.