खेळू द्यायचे की बाहेर काढायचे? : क्रीडा फिजिओथेरपी शिकताना

क्रीडा फिजिओथेरपी शिकते असे सांगितले की निम्मे लोक आपला दुखरा खांदा पुढे करतात आणि उरलेले विचारतात, "म्हणजे मसाज का?" यात त्यांचा दोष नाही. टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला आमच्या विषयाचे दर्शन घडते ते एवढेच : खेळाडू पडतो, बॅग घेऊन कोणीतरी धावत येते, स्प्रे मारते आणि खेळाडू उठून पुन्हा खेळायला लागतो. त्या अर्ध्या मिनिटात स्प्रेचे काम सर्वांत कमी असते. थंड फवाऱ्याने कातडी काही क्षण बधिर होते. आत ताणल्या गेलेल्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याला, त्याचा पत्ताही लागत नाही. खरे काम असते ते ठरवण्याचे. हाड मोडले आहे का, सांधा निसटला आहे का, आणि या माणसाला पुन्हा खेळू द्यायचे की बाहेर काढायचे? उपचार नंतर आठवडेच्या आठवडे चालतात, हा निर्णय मात्र तिथेच, गर्दीसमोर घ्यावा लागतो, आणि आपल्या शिक्षणात सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो असे माझे ठाम मत झाले आहे.

माझ्या वेळी बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, अभ्यासक्रम चार वर्षे आणि सहा महिने इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा होता. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या विभागात उघडलेल्या गुडघ्यात एसीएल, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून जोडणारे लिगामेंट, प्रथम पाहिले. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा तो पांढरट पट्टा पाहून, ज्याच्यासाठी खेळाडूंची अख्खी हंगामे वाया जातात ती चीज इतकी लहान असते याचे नवल वाटले होते. पुढची वर्षे रुग्णालयात गेली : पक्षाघाताचे रुग्ण, सांधा बदललेले गुडघे, अतिदक्षता विभागातील छातीची फिजिओथेरपी. हे शिक्षण उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण रुग्णालयातील रुग्ण आमच्याकडे येतो तोच कागद घेऊन. एक्स-रे झालेला असतो, डॉक्टरांची चिठ्ठी असते, निदान बहुतेक ठरलेले असते. पदव्युत्तर शिक्षणासाठी क्रीडा हा विषय घेतला आणि मैदानावर ड्यूटी लागली, तेव्हा तो कागदच नाहीसा झाला.

अमेरिकेत या कामासाठी स्वतंत्र व्यवसाय आहे. तिथला 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' म्हणजे जिममध्ये वजने उचलायला लावणारा ट्रेनर नव्हे, तर खेळाडूंची दुखापत टाळणे, ती ओळखणे, तातडीची मदत देणे आणि पुढचे पुनर्वसन करणे यासाठीच शिकलेला आरोग्यकर्मी. त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 पासून आहे आणि आता या व्यवसायात येण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. 2 जानेवारी 2023 रोजी सिनसिनाटी येथे अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलो बिल्स संघाचा खेळाडू डमार हॅमलिन छातीवर आघात होऊन कोसळला आणि त्याचे हृदय थांबले, तेव्हा मैदानावरच सीपीआर (छाती दाबून हृदयाचे काम चालू ठेवण्याचा तातडीचा उपचार) देणारा डेनी केलिंग्टन हा संघाचा सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर होता. हॅमलिन पुढच्या हंगामात पुन्हा खेळला. आपल्याकडे हेच काम बहुधा फिजिओथेरपिस्टच्या वाट्याला येते, आणि तालुका-जिल्हा पातळीवर तर पुष्कळदा प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्या क्रीडाशिक्षकाच्या.

मैदानावर उपयोगी पडणाऱ्या गोष्टींपैकी माझा सर्वाधिक विश्वास बसला तो अगदी साध्या नियमांवर. घोटा मुरगळला की प्रत्येकाला एक्स-रे काढायला पाठवायचे का, या प्रश्नाचे उत्तर कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 मध्ये दिले. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या खालच्या सहा सेंटिमीटर भागात, मागच्या कडेवर दाबून दुखते का, आणि खेळाडू चार पावले तरी टाकू शकतो का, हे पाहायचे. पावलाच्या हाडांसाठी आणखी दोन जागा तपासायच्या. यांपैकी कुठेच दुखत नसेल आणि चार पावले टाकता येत असतील, तर मोठे हाड मोडले असण्याची शक्यता फारच कमी. यंत्र नाही, वीज नाही, फक्त अंगठा आणि चार पावले. मात्र अंगठा कुठे टेकवायचा हे शंभर घोटे चाचपल्याशिवाय कळत नाही, आणि ते वर्गात होत नाही.

गुडघा त्याहून अवघड. एका जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धेत मुलींच्या सामन्याला मी ड्यूटीवर होते. बर्फ नेहमीप्रमाणे मैदानाशेजारच्या रसवंतीगृहातून सांगून ठेवला होता. चढाई करणारी मुलगी मागे फिरून मध्यरेषेकडे झेपावली. कोपऱ्यातल्या खेळाडूने तिचा घोटा धरला, दुसरीने कमरेला मिठी मारली, आणि मॅटवर रोवलेल्या पावलावर तिचे सगळे अंग वळले. मातीवर पाऊल थोडे तरी सरकते, मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो. गुडघे अधिक अडचणीत येतात ते यामुळेच, असे मला वाटते. मी पोहोचले तेव्हा ती म्हणाली, "गुडघ्यात कट् झालं, ताई."

हे वाक्य ऐकल्यावर स्प्रेकडे हात जाता कामा नये. आधी चांगला पाय तपासायचा, कारण प्रत्येकाच्या गुडघ्याचा मोकळेपणा वेगळा असतो. मग दुखावलेला गुडघा वीस ते तीस अंशांत वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. एसीएल शाबूत असेल तर नडगी किंचित सरकते आणि दावे ताणून धरल्यासारखी जागच्या जागी अडते. तुटले असेल तर ती अडतच नाही, हात पुढे जातच राहतो. ही लॅकमन चाचणी पहिल्या काही मिनिटांत जितकी खरी बोलते तितकी नंतर बोलत नाही. तासा-दोन तासांत गुडघ्यात रक्त साचून सूज येते, मांडीमागचे स्नायू वेदनेने आखडतात, आणि मग कुशल हातालाही नडगी हलत नाही असे वाटू शकते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरांना जे सापडणार नाही, ते मैदानावरच्या विद्यार्थ्याला सापडू शकते.

माझ्या हाताला थांबा लागला नाही. प्रशिक्षकांनी विचारले, "मॅडम, नी-कॅप घालून शेवटची पाच मिनिटं निघतील का?" आणि ती मुलगी म्हणाली, "मला काहीच होत नाहीये, बघा, मी उभी राहते." ती खरोखरच उभी राहिली, चारदोन पावले चाललीसुद्धा. हीच या दुखापतीची फसवी बाजू आहे. एसीएल तुटलेला खेळाडू थोड्या वेळाने चालू शकतो, सरळ रेषेत हळूहळू पळूही शकतो. गुडघा दगा देतो तो वळताना, आणि कबड्डीत वळण्याखेरीज दुसरे असते काय? त्या पाच मिनिटांत गुडघा पुन्हा निसटला असता तर आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा होण्याचा धोका होता, आणि ती इजा लिगामेंट नवे बसवल्यानेही पूर्ण भरून येतेच असे नाही. मी नाही म्हणाले. बदली खेळाडू उतरली. प्रशिक्षक त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

त्यांचा राग मला समजत होता. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी ठराविक पातळीवरच्या कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. गावाकडच्या मुलीसाठी निवड चाचणीतली पाच मिनिटे म्हणजे पोलीस भरती असू शकते. म्हणून खेळाडू दुखापत लपवतात, घरी चिकटपट्टी लावून येतात, तपासताना दात आवळून "नाही दुखत" म्हणतात. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक चाचणी रुग्ण खरे बोलतो असे गृहीत धरते. आमच्या विभागप्रमुख मॅडमचा एक नियम मला कोणत्याही प्रकरणापेक्षा जास्त उपयोगी पडला आहे : निर्णय आधी खेळाडूला, तिच्या डोळ्यांकडे बघून, तिच्या भाषेत सांगायचा, मग प्रशिक्षकांना, जमलेल्या लोकांशी वाद घालायचा नाही, आणि काय तपासले, काय सांगितले हे वेळेसह त्याच क्षणी वहीत लिहायचे.

डोक्याच्या दुखापतीबाबत तर वाटाघाटीला जागाच नाही. मेंदूला हादरा बसल्याची शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. खेळाडूला विचारायचे प्रश्न साधे असतात : आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा कितवा हाफ? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी होता, आपण जिंकलो का? हे मी मराठीत पाठ करून ठेवले आहेत, कारण घाबरलेल्या मुलाला इंग्रजीत विचारले तर तो हादऱ्याने गोंधळला की इंग्रजीने, हे कळायचे नाही. क्रिकेटमध्ये 1 ऑगस्ट 2019 पासून अशा खेळाडूऐवजी बदली खेळाडू देण्याची सोय झाली, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. नियमाचा असा आधार असला की फिजिओचे काम सोपे होते, कारण संघाचे नुकसान कमी होते.

उन्हाळ्यातील स्पर्धांमध्ये उष्माघाताची भीती असते. त्याचे सूत्र आहे आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिकेची वाट पाहत सावलीत झोपवून ठेवण्यापेक्षा पाण्याच्या टाकीत किंवा मोठ्या टबात बर्फ टाकून त्यात गळ्यापर्यंत बसवणे, डोके मात्र पाण्याबाहेर धरून ठेवणे, हे जीव वाचवणारे आहे.

कुस्तीच्या तालमीत ड्यूटी लागली तेव्हा वेगळाच अनुभव आला. वस्तादांचा हात मर्दनाला असा बसलेला असतो की कोणता स्नायू आखडला आहे हे ते आमच्याआधी सांगतात, आणि ते मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. निसटलेला खांदा तिथल्या तिथे ओढून बसवण्याला मात्र माझा विरोध आहे. आधी मनगटाची नाडी आणि खांद्याच्या बाहेरच्या अंगाची संवेदना तपासली पाहिजे, हाड मोडलेले नाही याची खात्री हवी. कानाचे तर विचारू नका. रगडला जाऊन कान सुजतो तेव्हा कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. ते पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांकडून काढून घेऊन वर दाब देऊन बांधले तर कान वाचतो. पण सुरकुतलेला कान हीच पैलवानाची ओळख, तेव्हा काढून घ्यायला येणार कोण?

औषधांचे नियमही आम्हालाच सांगावे लागतात, कारण खेळाडू पहिल्यांदा विचारतो तो फिजिओला. स्पर्धाकाळात स्टेरॉइडचे कोणतेही इंजेक्शन, सांध्यातले धरून, 1 जानेवारी 2022 पासून जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहे. वेदनाशामक ट्रामाडॉल 1 जानेवारी 2024 पासून त्या यादीत आले. गावातल्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने लिहून दिलेली गोळी खेळाडूला बंदीपर्यंत नेऊ शकते.

हा विषय घ्यावा असे ज्यांच्या मनात आहे त्यांनी महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकातील चकचकीत यंत्रांच्या फोटोंवर जाऊ नये. अल्ट्रासाउंडचे यंत्र सगळीकडे सारखेच असते. विद्यार्थ्यांना कोणत्या खेळांच्या मैदानावर पाठवतात, सोबत अनुभवी शिक्षक असतात की विद्यार्थ्याला एकट्याला बॅग देऊन सोडतात, आणि सीपीआरचा सराव दर सत्राला होतो की प्रवेशाच्या वर्षी एकदाच, हे विचारावे. शक्य असल्यास मागच्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याची मैदानावरची नोंदवही पाहायला मागावी. तिच्यात नुसते "बर्फ दिला, स्प्रे मारला" असेच लिहिलेले दिसले, तर दुसरे महाविद्यालय बघावे.